ताळा न लागणारे वॅट

मामींची एक वही आहे. फ्रिजच्या बाजूला खिळ्याला सुतळीने टांगलेली. दर महिन्याच्या एक तारखेला त्या चष्मा लावून जिन्याखालच्या मीटरपाशी जातात, आकडा बघून येतात आणि त्यातून मागचा आकडा वजा करून शेजारी लिहितात. नोव्हेंबर २०२४ च्या ओळीत ९२ होतं. एप्रिल-मे सोडले तर हा आकडा शंभरावर जात नाही, आणि जाऊ नये म्हणून त्या घरभर दिवे मालवत हिंडतात. त्यामुळे मामांनी निवृत्तीच्या पैशातून होम थिएटरचा रिसीव्हर, म्हणजे टीव्ही-सिनेमाचा आवाज मोठा करून सगळ्या स्पीकरना पुरवणारा खोका, घ्यायचा विषय काढला, तेव्हा मामींनी किंमत विचारलीच नाही. ‘हे डबडं महिन्याला किती युनिटं खाणार, तेवढं सांगा,’ एवढंच म्हणाल्या.

प्रश्न माझ्याकडे आला, कारण मी एमआयडीसीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे आणि नात्यातल्या यच्चयावत मिक्सर-गिझरचा डॉक्टर मीच. मला वाटलं, पाच मिनिटांचं काम. प्रत्यक्षात दोन-अडीच महिने गेले आणि मध्ये एकदा मी चांगलाच तोंडघशी पडलो. साताऱ्यातलं एक साधं घर, ११ बाय १६ चा हॉल आणि एक खोका, एवढंच हे प्रकरण. पण रिसीव्हर घेताना विजेची तुलना करायला बसणारा जवळपास प्रत्येक माणूस जिथे चुकतो, त्या सगळ्या जागा यात येऊन गेल्या.

आधी शंभराच्या हट्टाबद्दल. तो अगदीच खुळा नाही. २०२४-२५ च्या दरांत महावितरणचा घरगुती वीज आकार पहिल्या १०० युनिटांना ४.७१ रुपये होता आणि १०१ ते ३०० ला १०.२९ रुपये. त्यावर युनिटमागे १.१७ रुपये वहन आकार आणि या बेरजेवर १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे शंभराच्या आतलं युनिट पडायचं ६ रुपये ८२ पैशांना आणि एकशेएकावं १३ रुपये २९ पैशांना. (इंधन समायोजन आकार महिन्यागणिक बदलतो, तो मी सोडून दिलाय.) मात्र शंभर ओलांडले की अख्खं बिलच चढ्या दराने येतं असं मामी धरून होत्या, आणि त्यांच्या आळीत बहुतेकांना तसंच वाटतं. तसं नसतं, शंभराच्या वरची युनिटंच तेवढी महाग लागतात. हे सांगूनही हट्ट काही सुटला नाही, पण त्यामुळे आमच्या हिशोबाला एक पक्की चौकट मिळाली. ९२ आणि १०० यांच्यामध्ये आठ युनिटांची जागा होती. रिसीव्हरने त्यात मावायचं.

उमेदवार तीन. पुण्यातल्या एका दुकानात मामांच्या मनात भरलेला मोठा, सात चॅनेलचा (चॅनेल म्हणजे एकेका स्पीकरची वेगळी वाट), दर चॅनेलला ९० वॅट सांगणारा. त्याच्या मागच्या पट्टीवर ४८० वॅट छापलेले. त्याच दुकानातला बारका, चार इंच उंचीचा, चॅनेल सातच पण ५० वॅटचे. पट्टीवर २५० वॅट. आणि तिसरा फुकटातला. न्यू जर्सीतल्या मामेभावाने नवीन घेतल्यावर जुना रिकामा झाला, तो त्याने दिवाळीला येताना कपड्यांत गुंडाळून आणला होता. त्याच्या पट्टीवर वॅट नव्हतेच. १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, ५.६ अँपिअर, एवढंच.

मामा बँकेत तेहतीस वर्षं होते. त्यांनी कागद घेतला. रोज साडेतीन तास, महिन्याचे १०५ तास. मोठ्याची ५० युनिटं, बारक्याची २६. अमेरिकनचे १२० गुणिले ५.६ म्हणजे ६७२, त्याची ७० युनिटं. मामींनी तिन्ही आकडे वहीच्या शेवटच्या पानावर उतरवले आणि वही खिळ्याला परत टांगली. त्यांच्यापुरता विषय संपला होता.

मामा मात्र कागदाकडेच बघत बसले. मग म्हणाले, ‘अरे, पण नव्वद गुणिले सात म्हणजे सहाशे तीस. आत येतात चारशे ऐंशी आणि बाहेर जातात सहाशे तीस? जमा चारशे ऐंशी, नावे सहाशे तीस. हा ताळा लागतो कसा?’

तो लागत नाही, कारण दोन्ही आकडे एका वहीतले नाहीत. ९० वॅट हा आकडा एकावेळी दोनच चॅनेल पूर्ण जोर लावून चालवताना मोजलेला. सातही चॅनेल एकदम तेवढे देतील असं कंपनीचं म्हणणं नाही, फक्त ‘गुणिले सात’ छापलेलं दिसलं की माणूस गुणाकार करतो. चॅनेल किती चालवले, किती ओहमच्या (विजेला किती अडवणाऱ्या) स्पीकरवर, किती विकृतीपर्यंत (आवाज किती फाटेपर्यंत), यावर हा आकडा कसाही ताणता येतो. एकच चॅनेल, ६ ओहम आणि १० टक्के विकृती धरली की तोच रिसीव्हर कागदावर दणकट होतो. या खेळाला लगाम घालायला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ साली नियम केला होता. आपल्याकडे नव्वदीत टू-इन-वनच्या खोक्यांवर ‘पीएमपीओ’चे, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचे, हजार-दोन हजार वॅट असायचे, ते ज्यांनी पाहिले त्यांना वेगळं सांगायला नको. आत ट्रान्सफॉर्मर लाडवाएवढा.

मागच्या पट्टीवरचे ४८० वॅट ही तर आणखी तिसरीच गोष्ट. हा आकडा आला आगीच्या भीतीपोटी. ऑडिओ-व्हिडिओ उपकरणांसाठी आयईसी ६००६५ नावाचं सुरक्षा मानक होतं, पुढे त्याची जागा ६२३६८-१ ने घेतली. त्यात अँप्लिफायर (आवाजाची ताकद वाढवणारा भाग) तपासायची रीत अशी: आवाज फाटण्याआधी जेवढी कमाल ताकद मिळते, तिच्या एक अष्टमांशावर पिंक नॉइज नावाचा एकसारखा खरखराट सतत वाजवायचा आणि खोका किती तापतो, किती वीज ओढतो ते बघायचं. वायर किती जाड हवी, फ्यूज केवढा हवा, हे त्यावरून ठरतं. एक अष्टमांश ऐकायला किरकोळ वाटतं, पण घरात त्या पातळीवर सिनेमा लावला तर वरच्या मजल्यावरचे खाली येतील. म्हणजे ४८० हा आकडा कमाल नाही, सरासरी नाही आणि तुमच्या बिलाचा तर नाहीच नाही. आणि अमेरिकन खोक्यावरच्या अँपिअरला व्होल्टने गुणून येतात ते व्हीए (व्होल्ट-अँपिअर). वॅट आणि व्हीए यांत अशा यंत्राच्या बाबतीत चांगली तफावत पडते. आपलं मीटर पैसे लावतं वॅटचे.

एसी, फ्रिज, पंखा, टीव्ही यांच्यावर ऊर्जा दक्षता ब्यूरोचे तारे असतात. डोळे झाकून पाच तारे बघायचे आणि उचलायचं. रिसीव्हरला तारेच नाहीत. म्हणून लोक पट्टी वाचतात. दुसरं वाचायला काही नसतं हो.

मामांना मी विचारलं, तुम्ही ऐकता किती मोठ्याने? ‘शेजारचे जोपर्यंत ठेका धरत नाहीत तोपर्यंत,’ ते म्हणाले. मग गणित मांडलं. त्यांचे स्पीकर ८७ डेसिबलच्या सेन्सिटिव्हिटीचे, म्हणजे एक वॅट दिला की एक मीटरवर ८७ डेसिबल आवाज. सोफा तीन मीटरवर. मोकळ्यावर तेवढ्या अंतरात साडेनऊ डेसिबल गळतात, उरले साडेसत्याहत्तर, आणि खोलीच्या भिंती त्यातले थोडे परतही देतात. सिनेमातले संवाद आपण सत्तरच्या आगेमागे ऐकतो. दर दहा डेसिबलला ताकद दसपट लागते, या हिशोबाने सत्तर डेसिबलला पाव वॅटसुद्धा लागत नाही. मध्येच ढांगकन काही कोसळलं, वीस डेसिबलने उसळी घेतली, तर तेवढ्या क्षणापुरते शंभरपट, म्हणजे अठरा-वीस वॅट. नाट्यसंगीताचं पद ऐकताना स्पीकरपर्यंत पोचणारी वीज टॉर्चच्या बल्बएवढीही नसते.

‘मग बाकीची जाते कुठे?’ मामींनी स्वयंपाकघरातून विचारलं. त्या ऐकत होत्या तर!

बाकीची खोका नुसता जागा ठेवण्यात जाते. बहुतेक रिसीव्हरांतले अँप्लिफायर क्लास एबी जातीचे. त्यांचे ट्रान्झिस्टर आवाज नसतानाही किंचित उघडे ठेवावे लागतात, नाहीतर हलक्या आवाजात सूर खरबरीत येतो. सात चॅनेल म्हणजे असे सात संच. वर चित्राचे सर्किट, आवाजाची प्रक्रिया करणाऱ्या चिप, डिस्प्ले, वाय-फाय. गाडी न्यूट्रलला घुरघुरत उभी राहावी तसं हे सगळं व्हॉल्यूम शून्यावर असतानाही चालू असतं. तुलना करायची ती या न्यूट्रलच्या आकड्याची, आणि तो माहितीपत्रकात सहसा छापलेला नसतो.

म्हणून मोजायचं ठरवलं. प्लगच्या मध्ये बसतो तसला वॅटमीटर माझ्याकडे होता. भरवसा ठेवण्याआधी त्यात जुना साठचा पिवळा बल्ब लावून पाहिला. २२६ व्होल्टला ५८ वॅट दाखवले, म्हणजे शहाणा होता. एक-दोन वॅटच्या खाली मात्र या स्वस्तातल्या मीटरवर विसंबू नये. पुण्याच्या दुकानातल्या पोराला आधी वाटलं मी टॅक्सवाला आहे. मग त्यालाच मजा वाटायला लागली आणि त्याने दोन्ही खोके एकाच स्पीकरवर, एकाच सिनेमाच्या एकाच प्रसंगावर लावून दिले.

मोठा, चालू करून व्हॉल्यूम शून्यावर: ५२ वॅट. घरच्या आवाजात सिनेमा: ५४, ५५, स्फोटाच्या वेळी क्षणभर ८० आणि परत ५५. पोराने दुकानात लावतात तसा दणदणाट केला तेव्हा १२० च्या आसपास. काचेचा दरवाजा थरथरायला लागला तरी पट्टीवरचे ४८० कुठे दिसले नाहीत. मग मेन्यूत जाऊन ईको मोड चालू केला, ज्यात अँप्लिफायरला मिळणारं व्होल्टेज खाली येतं. शून्याला ३९, सिनेमाला ४०-४१. आवाजातला फरक मला कळला नाही. मामांनी डोळे मिटून ऐकलं, आणि त्यांनाही.

बारका: शून्याला ४०, ईकोत ३१, सिनेमाला ३२.

आता ताळा बघा. पट्ट्यांवरून दोघांत २३० वॅटचा फरक होता, महिन्याला २४ युनिटं. प्रत्यक्षात ईको सोडून १२ वॅट आणि ईकोत ९. बारा धरले तरी १०५ तासांत सव्वा युनिट, ते सगळं शंभराच्या वर गेलं असं मानलं तरी १७ रुपये. मोठा ईकोत महिन्याला ४.२ युनिटं घेणार, बारका ३.४. दोघंही आठच्या चौकटीत आरामात. मामींनी वहीतले ५० आणि २६ स्वतःच्या हाताने खोडले.

क्लास डी जातीचे रिसीव्हरही मिळतात. त्यांचे ट्रान्झिस्टर पूर्ण उघडे किंवा पूर्ण बंद असे झपाट्याने फिरतात, त्यामुळे जोरात वाजवताना उष्णता फारच कमी. रोज तीन तास दणक्यात ऐकणाऱ्याने जरूर बघावेत. पाव वॅटवर पद ऐकणाऱ्या माणसाला त्यांचा फायदा थोडाच, कारण चिप आणि डिस्प्लेचा न्यूट्रलचा खर्च तिथेही चुकत नाही. मामांच्या बजेटमध्ये तसा चांगला नव्हताही.

अमेरिकन पाहुण्याची गोष्ट वेगळी. तो चालवायला १००० व्हीएचा स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लागला, ज्याला बाजारात सगळे कन्व्हर्टर म्हणतात. भिंतीपाशी मोजलं तर दोघं मिळून ९२ वॅट. त्याहून वाईट म्हणजे रिसीव्हर रिमोटने बंद केला तरी १५ वॅट चालूच. ते सगळे जवळजवळ ट्रान्सफॉर्मरचेच, कारण त्याच्या लोखंडी गाभ्याला कोणी काही ऐकतंय की नाही याच्याशी देणंघेणं नसतं, चोवीस तास गरम. भिंतीवरचं बटण रोज आठवणीने बंद केलं तर महिन्याला साडेनऊ-दहा युनिटं, विसरलं तर एकोणीस. शिवाय आतला ट्रान्सफॉर्मर ६० हर्ट्झसाठी घडवलेला. आपल्या ५० वर, कन्व्हर्टरमधून ११० व्होल्टच आले तरीही, त्याच्या गाभ्यावर सुमारे दहा टक्के जादा ताण पडतो आणि तो गुणगुणतो. फुकटचा खोका कन्व्हर्टरची किंमत धरून असाही फुकट राहिला नव्हता. मामेभावाला वाईट वाटू नये म्हणून मामांनी तो कपाटात जपून ठेवलाय.

मोठा की बारका, यात शेवटी विजेने मत दिलंच नाही. मामांचे पुढचे दोन स्पीकर जुने, जमिनीवर उभे राहणारे, मागे ४ ओहम लिहिलेले. बारक्याच्या पुस्तिकेत ६ ओहमच्या खाली जाऊ नका असं स्पष्ट होतं, मोठ्याला सेटिंग बदलून ४ चालत होते. मोठा घेतला. इन्व्हर्टरवर लावायचा नाही हेही त्याच वेळी ठरलं, कारण घरचा ८५० व्हीएचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे गुळगुळीत लहरींऐवजी चौकोनी धक्क्यांची वीज देणारा. एकदा लावून पाहिलं तर रिसीव्हर भुंग्यासारखा घूं करायला लागला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सगळं जोडून झालं. नवा सबवूफर (खर्जाचा वेगळा स्पीकर), सेटटॉप बॉक्स रिसीव्हरमध्ये, रिसीव्हर टीव्हीला. बंद केल्यावर मीटरने शून्य दाखवलं. माहितीपत्रकातही स्टँडबाय (रिमोटने बंद, पण प्लगला) ०.१ वॅट होतं. युरोपीय संघाने नुसत्या स्टँडबायला २०१० पासून १ वॅट आणि २०१३ पासून अर्धा वॅट अशी मर्यादा घातल्यापासून सगळेच कंपनीवाले हा आकडा अभिमानाने छापतात. महिनाभरात ९२ चे ९७-९८ होतील, असं मी मामींना छातीठोकपणे सांगून आलो.

एक जानेवारीला मामींचा फोन. ‘एकशेसतरा.’ पुढे काही बोलल्या नाहीत. बोलायला लागतं कशाला? पंचवीस युनिटं जादा, त्यातली सतरा चढ्या दराची. २८० रुपयांच्या आसपास.

मी म्हटलं, थंडी आहे, गिझर जास्त चालला असेल. त्या म्हणाल्या, आमचा गिझर गॅसचा आहे. मी म्हटलं, पाहुणे आले असतील. नव्हते आले. मग त्या सहज बोलाव्यात तसं बोलून गेल्या, ‘सकाळी पुसते ना मी शोकेस, तेव्हा त्या डबड्याचं वरचं झाकण कोमट लागतं.’ मी म्हटलं, खिडकीतून ऊन येत असेल. शोकेसपर्यंत ऊन पोचतच नाही हे मला दोन दिवसांनी आठवलं.

शनिवारी रात्री गेलो. प्लगचा मीटर मुद्दाम बाजूला ठेवला, मला अख्ख्या घराचं बघायचं होतं. महावितरणच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. मामींच्या मीटरवर त्याच्याजवळ ३२०० इम्प. असं छापलेलं होतं, म्हणजे एका युनिटला ३२०० लुकलुक. एक लुकलुक म्हणजे ११२५ वॅट-सेकंद. दोन लुकलुकींमधले सेकंद मोजायचे आणि ११२५ ला त्यांनी भागायचं, की घर त्या घडीला किती वॅट ओढतंय ते हातात. फ्रिजचा प्लग काढला, इन्व्हर्टर काढला, राउटर, बेल, पंखे, दिवे, सगळं बंद. मामा हॉलमध्ये टॉर्च घेऊन, मी जिन्याखाली मोबाइलचं स्टॉपवॉच लावून. रिसीव्हर, टीव्ही, सेटटॉप बॉक्स, सबवूफर रिमोटने ‘बंद’, पण प्लगला. सगळं घर झोपलेलं, आणि दिवा दर २६ सेकंदांनी लुकलुकत होता. ११२५ भागिले २६. त्रेचाळीस वॅट!

त्यातले बावीस माझ्या हातचे होते. झालं असं होतं, की जोडणीच्या दिवशी मामी म्हणाल्या, सकाळी बातम्या लावायलाही ते डबडं चालू करायचं का? खरं होतं, सेटटॉप बॉक्सची वायर रिसीव्हरमधूनच जात होती. तेव्हा मी निघता निघता मेन्यूत ‘एचडीएमआय पास थ्रू’ चालू करून दिलं. रिसीव्हर बंद असताना चित्र-आवाज सरळ टीव्हीकडे. मामी खूश, मी एसटीत. त्या सोयीसाठी खोक्यातलं चित्राचं सर्किट अख्खा दिवस-रात्र जागं राहतं, आणि शून्य वॅट मी मोजले होते ते हे बटण दाबायच्या आधी. दिवसाचे साडेवीस तास, महिन्याचे ६१५, गुणिले २२. साडेतेरा युनिटं. चालू असताना खायचा त्याच्या तिप्पट तो बंद असताना खात होता, आणि झाकण त्यानेच कोमट होत होतं. मामींच्या तळव्याला जे रोज सकाळी कळत होतं, ते मी वॅटमीटर घेऊन पुण्याला जाऊन आलो तरी मला कळलं नाही.

पास थ्रू बंद केला. लुकलुक ५३ सेकंदांवर गेली, म्हणजे एकवीस वॅट. सबवूफरच्या मागे हात घातला तर त्याचा खटका ‘ऑटो’वर नव्हता, ‘ऑन’वर होता. मामा ओशाळून म्हणाले, ‘ऑटोवर ठेवलं की हळू आवाजात तो जागाच होत नाही. तंबोऱ्याचा खर्ज ऐकू येईना, म्हणून मीच फिरवला.’ नऊ वॅट, चोवीस तास, महिन्याची साडेसहा युनिटं. ऑटोवर टाकून त्याचा स्वतःचा व्हॉल्यूम कमी केला आणि रिसीव्हरमधून त्याच्याकडे जाणारी पातळी तेवढीच वाढवली. सिग्नल जोरात पोचला की तो हलक्या आवाजातही जागा होतो. आता लुकलुकीला ९४ सेकंद. थंडीत कुडकुडत जिन्याखाली दीड मिनिट एका लाल दिव्याची वाट बघण्यात जे समाधान आहे, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल.

मामींच्या बातम्यांची सोय काढून घेणं शक्य नव्हतं. सेटटॉप बॉक्सची वायर काढून थेट टीव्हीत लावली. टीव्हीचा आवाज एआरसी नावाच्या वाटेने, त्याच टीव्ही-रिसीव्हरच्या वायरमधून उलटा रिसीव्हरकडे. २००९ च्या एचडीएमआय १.४ पासून ही सोय बहुतेक टीव्हींत आहे, फक्त ‘एआरसी’ लिहिलेल्या भोकातच वायर लावावी लागते. आता रिसीव्हर बंद असला तर टीव्ही आपल्या स्पीकरवर बोलतो. मेन्यूत आणखी दोन गोष्टी केल्या. नेटवर्क ‘ऑलवेज ऑन’ होतं ते स्टँडबायमध्ये बंद, आणि अर्धा तास काही वाजलं नाही तर खोका आपोआप बंद. मामा पदं ऐकता ऐकता झोपतात.

फेब्रुवारीच्या एक तारखेला फोन आला नाही. दोन तारखेलाही. मग मीच केला. जानेवारीची पहिली दहा-अकरा रात्र-दिवसं जुन्याच सेटिंगवर गेली होती, तरी १०४ आलं होतं. मार्चच्या पहिल्या तारखेला ९७. मामींनी वहीत त्या ९७ ला गोल केलाय म्हणे.

होळीला गेलो तेव्हा मामा मोठ्या उत्साहाने शोकेससमोर उभे राहून नवीन जावयाला ४८० आणि ६३० चा ताळा समजावत होते. मामी फडकं घेऊन आल्या, रिसीव्हरच्या झाकणावर तळवा ठेवला, मान डोलावली. मग त्याच हाताने खालच्या कप्प्यातल्या सेटटॉप बॉक्सला चाचपलं. तो रिमोटने बंद होता. त्या रात्री जिन्याखाली राहिलेले बारा वॅट बहुतेक त्याचेच होते. वर्षानुवर्षं त्या ९२ मध्ये तो आठ युनिटं धरून बसलेला, आणि रिसीव्हरच्या नादात मी त्याचा विषयच काढला नव्हता.

‘अरे,’ मामी माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘हे पण गरमच आहे की.’